सावली काढा, राव

तात्यांच्या नर्सरीत गेलं की रामराम नंतर, आधी ऐकू येतं, "सावली काढा, राव." टोमॅटोच्या रोपांवर कुणाची सावली पडलेली त्यांना सोसत नाही. एकदा महाळुंगे पडवळचे एक जाडजूड पाव्हणे रोपं घ्यायला आले, तर तात्यांनी त्यांना ट्रेच्या या बाजूने त्या बाजूला तीनदा हलवलं. शेवटी पाव्हणे म्हणाले, "रोपं देता का मलाच लावता?"

तात्यांचं म्हणणं असं, की सावली पडली की रोपाला वाटतं, शेजारी वरचढ झाला. मग ते मुळं सोडून नुसती मान लांब करतं. रोज सकाळी ते जुनं उपरणं सगळ्या रोपांवरून हलकेच फिरवतात. पिंपळवंडीत लोक म्हणतात, तात्या रोपांना आंजारतात. तात्या म्हणतात, "हलवलं की ताठतं."

मी शेजारची. आमच्या घरात कॉलेजला जाणारी पहिलीच, वनस्पतिशास्त्र घेतलेलं. वर्गात प्रश्न विचारायला मला भीती वाटते. पण तात्याच मला विचारतात, आज काय शिकलीस. एकदा मी अडखळत सांगितलं, की रोपाच्या आत संप्रेरकं असतात, ती अंधारात खोड लांबवतात. उजेड पडला की रोपाला तो कळतो आणि लांबणं आवरतं, पानं हिरवी होतात. मला वाटलं, नीट सांगता आलं नाही. तात्यांनी थोडा विचार केला.

"म्हंजी आतला म्हणतो पळ, पळ. आन् उजेड म्हणतो, थांब, आदी पाय रोव."

आमच्या सरांनाही इतकं सोपं सांगता आलं नव्हतं.

पेरलेले ट्रे ते एकावर एक रचून काळ्या कागदाखाली तीन दिवस ठेवतात आणि बरोबर वेळेला उजेडात काढतात. एक दिवस उशीर झाला की रोपाची पिवळी काडी होते. हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. म्हणून यंदा नवरात्राच्या आधी त्यांनी हळू आवाजात विचारलं तेव्हा मला नवल वाटलं.

"घट पिवळा कसा येतो गं? तुझ्या काकूचा यायचा तसा."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या घटातलं धान वीतभर लांब आणि हळदीसारखं पिवळं यायचं. दसऱ्याला त्यातला तुरा त्या तात्यांच्या टोपीत खोवायच्या. त्या गेल्यावर दोन्ही वर्षं तात्यांनी घट बसवला, तो हिरवा आणि बुटका आला. गल्लीत कुणीतरी म्हणालं, देवी रुसली. ते तात्यांच्या मनाला लागलं होतं.

मी म्हटलं, घटावर टोपली झाका आणि उघडू नका. ते म्हणाले, ठाऊक आहे, झाकतोच की.

पाचव्या माळेला सकाळी मी फुलं द्यायला गेले. खिडकी सताड उघडी. टोपली बाजूला. तात्या घटासमोर चहा घेऊन बसलेले, आणि दुसऱ्या हाताने धानावरून उपरणं फिरवत होते.

"तात्या, असं केल्यावर पिवळं कसं येईल?"

त्यांनी कप खाली ठेवला. "ती इतंच बसायची चहाला. तिचा घट झाकून एकट्यानं प्यायला व्हत नाय, बाये."

मी घरी येऊन पुठ्ठ्याच्या खोक्यात गहू पेरले, झाकण लावलं आणि कपाटाखाली ढकललं.

दसऱ्याला खोकं उघडलं. पाच दिवसांत धान जेमतेम अर्धी वीत, पण पिवळंधमक. मी ते तात्यांकडे नेलं. त्यांच्या घटात यंदाही हिरवंच होतं, चार बोटांचं. मी पिवळा तुरा त्यांच्या टोपीत खोवायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"हे तिला दे. मला माझं खोव."

मी पिवळा तुरा काकूंच्या फोटोला लावला आणि हिरवा तात्यांच्या टोपीत. तो ताठ उभा राहिला. मी बघत तिथेच उभी होते, खिडकी आणि फोटोच्या मधे.

"सावली काढ, बाये," तात्या हळूच म्हणाले.