चिठ्ठीत निघालेली बाजू

चष्मेवाल्यांनी चिठ्ठी उघडली, वाचली, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचली. अक्षरं काही बदलली नव्हती. ‘अनुकूल.’

"काय निघालं हो?" शेजारच्या खुर्चीवरून दातांच्या डॉक्टरांनी मान लांब केली. त्यांच्या हातातली चिठ्ठी अर्थातच ‘प्रतिकूल’ होती, आणि त्यांचाही चेहरा काही फार बघण्यासारखा राहिला नव्हता.

वक्तृत्व मंडळाच्या वार्षिक वादसभेचा यंदाचा विषय होता, ‘पुरुषांनी स्त्रीवेषात रंगमंचावर नाचावे काय?’ त्याला कारणही तसंच होतं. गावातल्या जुन्या नाट्यगृहात दर शनिवारी संध्याकाळी ड्रॅग शो सुरू झाला होता. चार-पाच बाप्ये चमचमते झगे घालायचे, डोक्यावर केसांचे टोप चढवायचे, उंच टाचांवर नाचायचे, गायचे आणि अख्ख्या गावाची टर उडवायचे. त्यावरून गावात दोन तट पडले. ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांचे पुढारी चष्मेवाले. वर्तमानपत्रात त्यांची तीन खरमरीत पत्रं छापून आली होती आणि चारशे सह्यांचा एक अर्ज त्यांच्या खणात तयार होता. शिवाय दुकानात डोळे तपासून घ्यायला आलेला माणूस एकदा यंत्रावर हनुवटी टेकून बसला, की ते त्याला नीतिमत्तेवर ऐकवत. बिचाऱ्याला हलता येत नसे. ‘चालू द्या’ म्हणणाऱ्यांचे पुढारी डॉक्टर. ते दर शनिवारी दुसऱ्या रांगेत बसत आणि आठवडाभर पेशंटला तोंड उघडायला लावून कलास्वातंत्र्यावर बोलत. दोघांच्याही गिऱ्हाइकांना उत्तर देणं शक्य नव्हतं. त्यामुळे आपलं म्हणणं गावाला पटतंय, अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत होती.

गंमत म्हणजे हा विषय सुचवला होता खुद्द चष्मेवाल्यांनी. भर सभेत त्या शोच्या चिंधड्या उडवायच्या, हा बेत. उत्साहाच्या भरात ते एकच गोष्ट विसरले. मंडळात बाजू निवडता येत नाही, ती चिठ्ठी टाकून ठरते. अकरा वर्षं ते चिठ्ठ्या उचलत आले होते, पण माणसाचं डोकं एकदा तापलं की असं होतं.

"मी माघार घेतो," चष्मेवाले उठून म्हणाले.

मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे मोठ्या बाई. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. "घ्या की," त्या म्हणाल्या. "मग फिरती ढाल डॉक्टरांना जाईल."

चष्मेवाले मटकन खाली बसले.

ही ढाल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लागोपाठ तीन वर्षं जिंकणाऱ्याला ती कायमची मिळते, असा नियम. दोन वर्षं त्यांनी जिंकली होती. दिवाणखान्यातल्या भिंतीवर तिच्यासाठी खिळाही ठोकून झाला होता, आणि गेल्या दोन वर्षांत त्यांनी तो तीनदा सरळ केला होता.

"बोलतो मी," ते म्हणाले. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा आला.

घरी ते वही घेऊन बसले. पानाच्या वर ‘अनुकूल मुद्दे’ असं लिहून खाली रेघ मारली. जेवणाची वेळ झाली तरी रेघेखाली काही उमटलं नव्हतं.

"अहो, इतकं काय डोकं खाजवताय?" बायको म्हणाली. "ज्याला माहितीये त्यालाच विचारा ना. उद्या दुकानात यायचाच आहे तो."

"कोण?"

"आपला वायरमन. तोच तर महाराणी आहे त्या शोमधली."

चष्मेवाल्यांच्या हातातलं पेन गळून पडलं. "आपला वायरमन? नऊ वर्षं माझ्या दुकानात येतोय तो!"

"मग? नऊ वर्षांत कधी विचारलंत त्याला, शनिवारी काय करतोस म्हणून?"

दुसऱ्या दिवशी वायरमन आला आणि शिडीवर चढून दिवा उघडू लागला. एरवी चष्मेवाले बोलत आणि समोरचा ऐके. आज ते एका हाताने शिडी आणि दुसऱ्या हाताने वही धरून मान वर करून उभे होते.

"हे बघ, रागावू नकोस," ते म्हणाले. "पण तू हे... म्हणजे कशासाठी रे?"

वायरमनने खाली बघितलं. "काका, अर्ज तुमचा आणि विचारता मला?"

"अभ्यास आहे."

"मग लिहा. दिवसभर मी लोकांच्या माळ्यांवर पोटावर सरपटतो. डोक्यात जळमटं, नाकात धूळ. कुणी नावानं हाक मारत नाही, ‘लाइट गेलीय, लवकर या’ एवढंच. आठवड्यातून दोन तास मला झळाळावंसं वाटतं. तो पाना द्या जरा."

चष्मेवाल्यांनी पाना दिला. "पण पोरं बिघडतील त्याचं काय?"

"माझी दोन पोरं पहिल्या रांगेत असतात. थोरला गणिताशिवाय दुसरं काही बोलत नाही. कधी कधी वाटतं, जरा तरी बिघडावा."

"आणि बायकांचा अपमान?"

वायरमन यावर हातातलं काम थांबवून बोलला. "काका, पहिल्यांदा त्या टाचांवर अर्धा तास उभा राहिलो ना, त्या दिवशी घरी जाऊन आधी बायकोचे पाय दाबले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. तिला वाटलं मला ताप आलाय. बटण दाबा आता."

चष्मेवाल्यांनी बटण दाबलं. दिवा लागला. वहीची चार पानं भरली होती.

वादसभेला सगळे सभासद आले, चष्मेवाल्यांची बायकोही, आणि सभागृह खच्चून भरलं. डॉक्टर आधी बोलायला उठले. मनात नसलेली बाजू मांडायची तर दारूगोळा आणायचा कुठून? डॉक्टरांनी तो थेट चष्मेवाल्यांच्या कोठारातून आणला होता. खिशातून तीन कात्रणं काढून त्यांनी चष्मेवाल्यांचीच पत्रं खणखणीत आवाजात वाचली. "‘हा कार्यक्रम म्हणजे संस्कारांच्या मुळावर घातलेला घाव आहे!’ काय भाषा! काय विचार! या थोर लेखकाला माझे विरोधक खोटं पाडणार आहेत का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्यांना क्षणभर अभिमानच वाटला. मग लक्षात आलं, आता हेच खोडायचंय.

ते उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हा पत्रलेखक माझ्या चांगला परिचयाचा आहे. एकाच घरात राहतो आम्ही."

सभागृह हसलं. त्या हशाने चष्मेवाल्यांच्या अंगात वारं शिरलं.

"हा गृहस्थ समोरच्यानं खालची ओळ वाचून दाखवल्याशिवाय कुणाला चष्म्याचा नंबर देत नाही. आणि या शोबद्दल त्यानं तीन पत्रं लिहिली. विचारा त्याला, किती वेळा पाहिलास शो? एकदाही नाही! पोस्टर पाहिलं, तेही चालत्या स्कूटरवरून!"

मग चष्मेवाले असे काही सुटले की विचारू नका. माळ्यावर सरपटणारा माणूस आला, टाचांचे बूट आले, गणितात बुडालेला पोरगा आला. बायकोचे पाय दाबल्याच्या गोष्टीला तर बायकांच्या बाजूने इतक्या जोरात टाळ्या पडल्या की मोठ्या बाईंना घंटा वाजवावी लागली. आपल्याच पत्रांची त्यांनी अशी सालपटं काढली, की दुसऱ्या कुणी काढली असती तर त्यांनी त्याच्यावर दावा लावला असता.

मग मतदान. मंडळाचा नियम जुना आणि कडक. प्रत्येक सभासदाने, वक्त्यांनीसुद्धा, स्वतःला मनापासून जे पटलं तेच चिठ्ठीवर लिहायचं आणि खाली सही करायची. खोटं मत सापडलं तर बाद.

चष्मेवाल्यांनी चिठ्ठी हातात घेतली. एकीकडे चारशे सह्यांचा अर्ज, दुसरीकडे भिंतीवरचा खिळा. त्यांनी डोळे मिटून ‘अनुकूल’ लिहिलं आणि लफ्फेदार सही ठोकली.

मोठ्या बाईंनी मोजणी केली. "अनुकूल एकसष्ट, प्रतिकूल साठ. ढाल चष्मेवाल्यांची!"

"हरकत आहे!" डॉक्टर ताडकन उभे राहिले. "यांची चिठ्ठी वाचा. ‘बंद करा’ म्हणून चारशे सह्या गोळा करणारा माणूस मनापासून ‘अनुकूल’ कसा? ते मत बाद करा. साठ-साठ! बरोबरी झाली की ढाल मंडळाच्या कपाटात!"

चष्मेवाल्यांना घाम फुटला. "मला पटलं!" ते ओरडले. "माझं भाषण ऐकून!"

"स्वतःचं?"

"मग? दुसऱ्या कुणी केलं होतं का चांगलं? आणि बाई, आता यांचीही चिठ्ठी वाचा!"

मोठ्या बाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी काढली. ‘प्रतिकूल.’ सभागृहात खसखस पिकली. दर शनिवारी दुसऱ्या रांगेत टाळ्या पिटणारा माणूस!

"मलाही पटलं," डॉक्टर टाय सैल करत म्हणाले. "माझंच... भाषण."

"वा!" मोठ्या बाई म्हणाल्या. एका नजरेत दोन वर्ग गप्प करायची त्यांना सवय होती. "दोघांचंही मनःपूर्वक मतपरिवर्तन. मग तसं वागून दाखवा. शनिवारी मी बघणार आहे. चष्मेवाले, तो अर्ज डॉक्टरांना देऊन टाका, आता त्यांना लागेल. तुम्ही पहिल्या रांगेत बसा. निकाल त्यानंतर."

शनिवारी संध्याकाळी चष्मेवाले बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसले, दाढ उपटायला आल्यासारखे. फाटकाबाहेर डॉक्टर एका हातात ‘संस्कार वाचवा’ असा फलक आणि दुसऱ्या हातात चारशे सह्यांचा अर्ज घेऊन एकटेच उभे होते. आत जाणारे लोक त्यांना विचारत होते, "डॉक्टर, आज दुसऱ्या रांगेत जागा रिकामी आहे का?"

पडदा उघडला. हिरव्या टिकल्यांच्या झग्यात महाराणी आली. कालपर्यंत शिडीवर पाहिलेला हाच तो वायरमन, हे चष्मेवाल्यांना सांगूनही खरं वाटेना. चालीत काय तोरा! मानेत काय डौल! महाराणीने गाणं म्हटलं, मग एक नक्कल सुरू केली. एक गृहस्थ समोर बसलेल्या माणसाचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवतो आणि नीतीवर व्याख्यान देतो. घरातले दिवे जातात, तरी व्याख्यान चालूच. चोर येऊन फर्निचर नेतो, तरी व्याख्यान चालूच.

चष्मेवाल्यांनी आधी ओठ दाबले. मग खांदे हलू लागले. मग ते असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा घसरून मांडीवर पडला. "डॉक्टर!" ते बायकोला म्हणाले. "हुबेहूब डॉक्टर! काय उचललाय माणूस!"

"अहो, हनुवटी टेकायला सांगतोय तो," बायको म्हणाली. "दात कुठे बघतोय?"

चष्मेवाल्यांनी मांडीवरचा चष्मा डोळ्यांवर चढवून नीट बघितलं. दोन सेकंद. आणि मग आधीपेक्षा दुप्पट हसले. इतकं मोकळं हसून त्यांना किती वर्षं झाली होती, देव जाणे. फार छान वाटत होतं.

मध्यंतरात ते बाहेर आले. डॉक्टर फाटकाच्या गजांना नाक लावून उभे होते.

"काय चाललंय हो आत?" त्यांनी केविलवाण्या आवाजात विचारलं. "मघाशी केवढा हशा झाला. नवीन नक्कल आहे का?"

चष्मेवाल्यांना स्वतःची लाज वाटली. आपण आत हसून लोळतोय आणि ज्याचा या शोवर खरा जीव तो बाहेर फलक धरून उभा, का तर एका ढालीसाठी! त्यांनी डॉक्टरांचा हात धरला आणि ओढतच त्यांना मोठ्या बाईंसमोर नेलं. बाई तिसऱ्या रांगेत रुमालाने डोळे टिपत होत्या.

"बाई, माझं मत बाद करा," चष्मेवाले म्हणाले. "आज मला खरंच पटलंय. पण त्या दिवशी मी ढालीसाठी लिहिलं होतं."

भिंतीवरचा खिळा आता उपटावा लागणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

डॉक्टर फलकाकडे बघत म्हणाले, "मग माझंही बाद करा, बाई. मीही ढालीसाठीच. आणि आता मला बसू द्या हो कुठेतरी."

मोठ्या बाईंनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. "एकसष्टातून एक गेलं, साठ. साठातून एक गेलं, एकोणसाठ," त्या म्हणाल्या. "चष्मेवाले, ढाल तुमचीच. एका मतानं. आता खाली बसा, पडदा उघडतोय."

डॉक्टरांनी फलक आणि अर्ज खुर्चीखाली सारला आणि ते दुसऱ्या रांगेत जाऊन बसलेसुद्धा. चष्मेवाले मात्र तरंगत आपल्या जागेवर आले. "एका मतानं!" ते बायकोच्या कानात कुजबुजले. "कुणाचं असेल गं ते मत? त्या माणसाला घरी जेवायला बोलवलं पाहिजे."

"माझं," बायको स्टेजकडे बघत म्हणाली.

"तुझं? अगं, त्या अर्जावर पहिली सही तुझी आहे!"

"आहे ना," ती म्हणाली आणि टाळ्या वाजवायला हात वर केले. "तुम्ही सही मागितलीत, मी दिली. मत कधी विचारलंत?"