अण्णांचा अंगठा

माझे सासरे अण्णा कुठलाही पदार्थ आधी अंगठ्याला खाऊ घालतात. चिमूटभर घ्यायचा, बोटांत चोळायचा, हुंगायचा आणि डोळे बारीक करून म्हणायचं, "ह्यात कायतरी हाय." मराठवाड्यातल्या भूमला त्यांची खव्याची भट्टी. सगळा जन्म भेसळ पकडण्यात गेला. लेकीसाठी मला पाहायला आले तेव्हा माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नव्हता, त्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

आम्ही नोकरीमुळे जपानात, क्योतोला राहतो. माझ्या बायकोला, शुभांगीला, सातवा महिना लागला आणि तिचं जेवणच सुटलं. सासूबाई नाहीत, म्हणून पंधरा दिवसांसाठी अण्णाच आले.

मी त्यांना इथल्या जुन्या बाजारपेठेत नेलं. अरुंद गल्ली, दोन्ही अंगांना पिढीजात दुकानं. लोणच्याच्या पिंपात डोकावून अण्णा ओरडलेच, "भुसा घातलाय की!"

"तांदळाच्या कोंड्यातच मुरवतात, अण्णा."

"तुमाला तसं सांगितलं व्हय?"

पुढच्या दुकानात एक म्हातारी मोठ्या पसरट भांड्यांत दूध तापवून त्यावरची साय काठीनं उचलत होती. वाफ बघून अण्णा खुलले. मी म्हणालो, "सोयाबीनचं दूध आहे." झालं! अण्णा दर खरिपात सोयाबीनच पेरतात, पण विकायला.

"दुधात सोयाबीन? जावाईबापू, आमच्याकडं ह्यावर धाड पडती!"

तेव्हापासून ते रोज सकाळी एकटेच तिथं जाऊन त्या बाईवर पाळत ठेवू लागले. ती वाकून नमस्कार करायची, हे हात जोडायचे, पण नजर भांड्यावर. मला लाज वाटे, रागही येई. आमचं इथलं सगळं बिऱ्हाडच नापास करायला आलेत, असं वाटायचं.

परतीच्या आदल्या दिवशी ते एक डबी घेऊन आले. दुधात भिजलेली ती साय शुभांगीपुढं ठेवली. "खा. चोख हाय."

मी डबीत डोकावून पाहिलं.

"आज त्या बाईनं एक साय बोटांत चोळली, पसंत न्हाई पडली तशी टाकून दिली," अण्णा म्हणाले. "दुकानात गिऱ्हाईक न्हवतं. मी बी खांबाआड हुतो, तिला दिसत न्हवतो."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही..."

"उद्या मी चाललो. मागं हिच्या पोटात कुणाच्या हातचं जानार, ते बघाया नको?" मग आवाज उतरला. "तेवढं त्या बाईकडचंच आणत जावा."

मला माझ्या रागाची लाज वाटली. शुभांगीनं एक घास खाल्ला, मग आपणहून दुसरा घेतला. तिच्या हनुवटीवर ओघळलेलं दूध अण्णांनी अंगठ्यानं पुसलं. हुंगायचं मात्र विसरले.