जागेवर ठेवलेली पुस्तके

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात वाचत बसलेले बनसोडे काका दर काही मिनिटांनी उजवा हात वर करतात. समोर शिक्षक नसतो, कोणी काही विचारलेले नसते. नजर पुस्तकावरून हलत नाही. नुसता हात वर जातो, क्षणभर थांबतो आणि पुन्हा पानावर येऊन विसावतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटले, खांद्याचे दुखणे असावे. मग उलगडा झाला. हालचाल थांबली की तळघरातले दिवे आपोआप विझतात. मन लावून वाचणारा माणूस दिव्यांच्या लेखी गैरहजर असतो.

"हजेरी देतो," काका म्हणाले. "रीतसर."

'रीतसर' हा त्यांचा शब्द. ते चहा रीतसर पितात, मँचेस्टरच्या ट्राममध्ये रीतसर उभे राहतात, रविवारी विहारात रीतसर सर्वांच्या आधी पोचतात आणि कुलूप पाहून परत फिरतात. कादंबरी आवडली नाही तर तिच्यावरही रीतसर रुसतात आणि दोन दिवस तिला हात लावत नाहीत. त्यांची सारी नोकरी एका सरकारी रुग्णालयातल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे साहित्याची परीक्षाही ते त्याच अंगाने करतात. "पहिल्या पन्नास पानांत दोनदा अडकली," ते एखाद्या कादंबरीबद्दल सांगतात. "शेवटी एकदाचं दार उघडलं, तर समोर भिंत!"

ते तळघर मात्र लिफ्टच्या जगाचे वाटत नाही. त्याच्या छतात जाड काचेचे चौकोन बसवलेले आहेत आणि वर रस्त्याकडेचा फुटपाथ आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांच्या सावल्या त्या काचांवरून सरकत आत उतरतात. पावसाच्या दिवशी तो उजेड हिरवट होतो, हलतो, आणि खाली उभ्या माणसाला आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी असल्यासारखे वाटते. त्या तळाशी मराठीचे एकच कपाट आहे. कधीकाळी इथे आमची भाषा शिकवली जात असे. विभाग बंद झाला, कपाट राहिले.

मी या ग्रंथालयात पंचवीस वर्षे आहे. कोणते पुस्तक ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे. पुण्यात वाढलेल्या या माणसाने मराठी पुस्तक शेवटचे कधी उघडले, हे लिहिताना आज संकोच वाटतो. काकांना तो संशय पहिल्यापासून असावा.

"काय ग्रंथपालसाहेब, सध्या काय वाचताय?"

"सध्या ईमेल वाचतोय, काका."

"असं? मग शेवट काय झाला?"

गेल्या शरद ऋतूत तळघरात जागा करायचे ठरले. दहा वर्षांत ज्याला कोणाचा हात लागला नाही, ते पुस्तक जाणार. मी संगणकावरून यादी काढली. मराठीच्या कपाटासमोर शून्य होते. सगळ्या कपाटासमोर. मी सही केली. ज्या माणसाला मी रोज तिथे वाचताना पाहत होतो, तो त्या शून्यात कुठे गेला, हा प्रश्न सही करताना मला पडला नाही. तो पडायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच पुस्तकांच्या पाठीवर गुलाबी स्टिकर लावले. काका आले, थबकले.

"हे गुलाबी काय?"

"काका, ही पुस्तकं जाणार आहेत."

"कुठे?"

"एक गाडी येते. काही विकली जातात. उरलेल्यांचा लगदा होतो."

"का म्हणून?"

"कोणी वाचत नाही."

काकांनी सावकाश चष्मा काढला. "मग मी कोण?"

मग जे उघड झाले ते असे. त्यांच्या कार्डावर पुस्तक घरी नेण्याची मुभा नाही. आत बसून जे वाचले जाते त्याची नोंद आम्ही एकाच प्रकारे करतो. वाचकाने पुस्तक टेबलावर ठेवून जायचे. संध्याकाळी कर्मचारी ती पुस्तके ट्रॉलीत गोळा करतात, यंत्राला दाखवतात आणि मगच ती वाचली गेली असे ठरते. 'कृपया पुस्तके परत कपाटात ठेवू नका' अशी पाटी प्रत्येक टेबलावर आहे. काका रोज रुमालाने ती पाटी पुसत आणि पुस्तक कपाटात परत ठेवत.

"पाटी वाचली नाही का तुम्ही?"

"वाचली की. ती ज्यांना जागा सापडत नाही त्यांच्यासाठी आहे. मला सापडते."

मग ते खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात बोलू लागले. "आमच्या वस्तीत लहानपणी एक पुस्तक होतं. एकच. समाजमंदिराच्या कोनाड्यात असायचं. ज्याला वेळ मिळेल त्यानं यावं, वाचावं आणि तिथंच ठेवावं. इकडंतिकडं ठेवलं, तर कामावरून दमून आलेला माणूस हात घालणार आणि हाताला काही लागणार नाही. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. पण मी एकदा ते पुस्तक चटईवर टाकून खेळायला गेलो, तर तिनं कानाखाली वाजवली. आणि तुम्ही म्हणता, टेबलावर टाकून जा!"

दहा वर्षांचे वाचन त्या शिस्तीने पुसून टाकले होते. खरे सांगायचे तर शिस्तीने नव्हे. माझ्या सहीने.

मी वरिष्ठांकडे गेलो, चूक कबूल केली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. एका माणसाचे येणे ही त्याची सवय झाली, त्या म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत दुसरा वाचक दिसला, तर कपाट राहील. नाहीतर सोमवारी गाडी येईल.

काकांनी त्या दिवसापासून पुस्तक टेबलावर ठेवायला सुरुवात केली. तो प्रकार पाहवत नसे. ठेवायचे, जिन्यापर्यंत जायचे, परत येऊन सरळ करायचे. पुन्हा जिना, पुन्हा परत. एकदा तर ते त्या पुस्तकाला "सकाळी येतोच" असे सांगताना मी ऐकले. न राहवून म्हणालो, "काका, मी सगळं कपाट ट्रॉलीत घालतो आणि यंत्राला दाखवतो. कोणाला कळणार आहे?"

"न वाचता?"

"न वाचता."

"खोटी हजेरी लावायची नाही," ते म्हणाले. "दुसरा वाचक शोधा. रीतसर."

दुसरा वाचक कुठून आणायचा? काकांची लेक लंडनमध्ये एजवेअरला असते, नात शाळेत. "फोनवर विचारते, आजोबा, तू जेवली का? मी म्हणतो, जेवली. पोरीला कशाला मध्येच थांबवायचं?" एवढेच त्यांचे घरचे मराठी. विहारातली मंडळी दिवसा नोकरीवर. मी बुधवारी, गुरुवारी फोन करत राहिलो. ज्या माणसाला फोन करावा लागत नव्हता, तो मला शुक्रवारी दुपारी आठवला.

मी तळघरात उतरलो, कपाटातून हाताला येईल ते पुस्तक काढले आणि काकांच्या समोरच्या खुर्चीत बसलो. मी पुस्तक उघडले आणि आतून कागदाची एक पट्टी घसरून टेबलावर पडली. पेन्सिलीचे बारीक, नीटस अक्षर: 'पान ८४ वर मला हसू आले. तुम्हाला आले का? — बनसोडे.'

मी उठून दुसरे पुस्तक काढले. त्यातही पट्टी होती. 'या बाईने परत जायला नको होते. तुम्हाला काय वाटते?' तिसऱ्यात: 'शेवट कळला नाही. कोणाला कळला असल्यास लिहावे.' ज्या ज्या पुस्तकाला हात घातला, त्यात प्रश्न होता. त्याच पुस्तकांच्या पाठीवर मी स्टिकर लावले होते, आणि एकही उघडले नव्हते.

"काका, कोणी उत्तर दिलं का कधी?"

"एकदा," ते म्हणाले. "एका शब्दाचं. 'हो.' मी हलवलं नाही, आहे तिथेच आहे." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुम्ही होता का?"

वरून कोणीतरी चालत गेले. सावली टेबलावरून, त्यांच्या हातांवरून सरकली. होकार देणे फार सोपे होते, आणि त्या एका शब्दाने दोघांचेही भले झाले असते, असे मला अजून वाटते.

"नाही, काका."

"वाटलंच," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी पहिल्या पुस्तकाचे पान ८४ काढले. सुरुवातीला शब्द हळूहळू ओळखू येत होते, जुन्या गावातली घरे ओळखू यावीत तसे. आणि पानाच्या तळाशी मला खरोखरच हसू आले. मोठ्याने. काकांनी मान वर केली नाही, फक्त पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मी पट्टीवर लिहिले, 'मलाही आले.' अक्षर वाकडे आले.

"खाली नाव घाला," काका म्हणाले.

"नाव कशाला?"

"गेल्या खेपेला नव्हतं." त्यांनी आपले पान उलटले. "चार वर्षं जिन्याकडे बघत बसलो होतो."