अहो, लेव्हल नऊ

"आठ दिवसांत खेळ संपवतो! पुढच्या रविवारी ये आणि मशीन घेऊन जा!" असं मी मेहुणीला फोनवर ठणकावून सांगितलं, तेव्हा त्या खेळाचा रिमोट कोणत्या बाजूने धरतात हेही मला माहीत नव्हतं.

पण मला घाबरायचं कारण नव्हतं. पंपाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअरकीपर आहे. अकरा हजार सुटे भाग कुठल्या कप्प्यात आहेत ते मला तोंडपाठ आहे. एक जपानी खेळ तो काय!

बायकोला जाऊन चार महिने झाले होते. ती हे खेळ खेळायची. एकाच मालिकेचे अकरा भाग. राजा, राक्षस, तलवारी, आणि गावोगाव फिरणारी चार माणसं. ती टीव्हीसमोर बसायची आणि मी त्याच खोलीत टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचायचो. अशी आमची बरीच वर्षं गेली. दहा भाग तिने संपवले. अकराव्यात शेवटचा राक्षस राहिला आणि ती दवाखान्यात गेली. तिथे मला म्हणाली, "बाकी सगळं आवरलंय हो. तेवढा एक राक्षस राहिला. तो झाला की मशीन धाकटीला द्या."

धाकटी म्हणजे माझी मेहुणी.

तर सोमवारी सकाळी आंघोळ करून मी मशीन सुरू केलं. तिचा खेळ जिथे थांबला होता तिथे आकडा होता, दोनशे बारा तास. खाली चौघांची नावं. अक्षरं इंग्रजी, पण नावं घरचीच! पहिली 'चिमणी'. बायकोचे वडील तिला तशीच हाक मारायचे. मग 'धाकटी'. मग 'आई', म्हणजे माझी सासू, हातात कुऱ्हाड. चौथं 'मांजर'. आमच्याकडे एक बोका होता, तो. तो लेव्हल एकसष्ट, बाकीच्या तिघी साठ.

मी स्वतःला शोधू लागलो. राजवाडा बघितला, बंदर बघितलं. शेवटी सापडलो एका धर्मशाळेत, खाटेशेजारी उभा. नाव 'अहो'. लेव्हल नऊ!

मेलेला बोका एकसष्टवर आणि मी नऊवर! मी जवळ जाऊन बटण दाबलं. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी इथेच आहे." पुन्हा दाबलं. पुन्हा तेच म्हणाला. त्याला दुसरं वाक्यच नव्हतं.

ते जाऊ दे म्हटलं, आधी काम. दुसऱ्याचं स्टोअर ताब्यात घेतलं की पहिला नियम कोणता? वर्षभर न हललेला माल बाद करायचा! मी तिची पिशवी उघडली. एकावर एक रचलेल्या फायलींसारखी यादी. त्यात कसलीशी झाडाची पानं, एकोणऐंशी. दोनशे बारा तासांत एकही वापरलेलं नाही! सरळ सरळ डेड स्टॉक! सगळी फेकून दिली. पिशवी कशी लख्ख झाली! घरात तिचं कपाट मी अजून उघडलं नव्हतं. त्याला वर्ष व्हायचं होतं.

मंगळवारी चौघांना घेऊन राक्षसाच्या किल्ल्यात शिरलो आणि पहिल्याच जिन्यावर चिमणी मेली.

कारखान्याच्या गेटवर एक पहारेकरी आहे. मिशांमुळे सगळे त्याला हवालदार म्हणतात. तो या मालिकेच्या तिसऱ्या भागापासून खेळतोय. मी स्टोअरमधून गेटला फोन लावला.

"हवालदार, मेलेल्याला उठवायचं कसं?"

"सोपं आहे साहेब. पिशवीत पानं असतील बघा."

"ती मी बाद केली."

"बाद म्हणजे?"

"फेकली. एकोणऐंशी."

"अरे देवा! दुकानात मिळत नाहीत ती! एकेक पान शोधावं लागतं! बरं, सेव्ह तर नाही ना केलंत?"

"केलं म्हणजे काय! नोंद केल्याशिवाय माल बाद करता येत नाही!"

फोनवर गेट उघडल्याचा आवाज आला. कोणाची तरी सायकल गेली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "आता गावातल्या पुजाऱ्याकडे न्यायचं. तो उठवतो. पण किल्ल्यात पुजारी नाही. तिथे मेलं ते मेलं."

त्या दिवसापासून माझा दिनक्रम ठरला. सकाळी कामावर जायच्या आधी दोन तास, संध्याकाळी तीन तास. आणि दुपारी हवालदाराला फोन.

"सकाळपासून तिला तीनदा उठवली. तीनदा मेली!"

"पुजाऱ्याला दमवलंत की साहेब!"

"आईपण गेली. शवपेट्या मागे बांधून गावात ओढत आणल्या. लोक रस्त्यातून बाजूलासुद्धा होत नाहीत!"

आता मला काय माहीत, मागच्या रॅकआड टायपिस्ट बाई पेनच्या रिफिलसाठी उभ्या आहेत! त्या रिफिल न घेताच गेल्या. दुपारच्या चहाला माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. मग एकदम तिघं बसले आणि तिघांनीही मला आपापली बिस्किटं दिली.

गुरुवारी एचआरच्या बाईंनी बोलावलं. आवाज असा, जणू मी काचेचा आहे आणि त्यांच्या हातून पडणार आहे.

"मिसेस तुम्हाला... दिसतात का?"

"रोज! सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन."

"काही बोलतात?"

"ती नाही बोलत. मीच धर्मशाळेत उभा असतो, तो बोलतो. एकच वाक्य."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "आणि हे कधीपर्यंत चालेल, असं वाटतं?"

"रविवारच्या आत संपवणार! धाकटीला शब्द दिलाय!"

बाईंचं पेन खाली पडलं. मी उचलून दिलं. एक दिवसाची रजा मागायच्या आतच त्यांनी शनिवारपासून आठ दिवसांची मंजूर केली. मी म्हटलं, काय भली बाई!

शनिवारी सकाळी मी किल्ल्याच्या शेवटच्या दालनात पोचलो. राक्षस समोर. बॉयलरएवढा, आणि तसाच फुसफुसणारा. मी बेल्ट एक घर सैल केला आणि भिडलो.

पंधरा मिनिटांत सासूबाई गेल्या. तेवढ्यात दार वाजलं. कडी उघडीच होती. एचआरच्या बाई, कारखान्याचे डॉक्टर आणि त्यांच्यामागे माझी मेहुणी, अशी तिघं आत आली. बाईंनी तिला फोन करून बोलावून घेतलं होतं. ती पहाटेची गाडी पकडून आली होती.

"भाऊजी!" ती म्हणाली. "काय झालं हो?"

"आई गेली," मी मान न वळवता म्हटलं. "अरेरे! धाकटीपण गेली!"

"मी इथे आहे, भाऊजी!" तिने किंकाळीच फोडली.

"बसा सगळे! जागा करून घ्या!" मी ओरडलो. मांजर पडलं. आणि मग राक्षसाने शेपूट फिरवली आणि चिमणी पडली. एवढीशी, कडेला. तिच्यावर कोणी पांघरूण घालत नाही. खेळात तशी सोयच नाही. चार महिन्यांपूर्वी मी हे सगळं एकदा बघितलं होतं. तेव्हाही माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

चौघेही आडवे झाले की मागे राहिलेला आपोआप पुढे येतो, असा या खेळाचा नियम आहे. धर्मशाळेतून अहो आला. लेव्हल नऊ. राक्षसासमोर तो बॉयलरसमोरच्या उंदरासारखा दिसत होता.

मी त्याचा खिसा उघडला. पिशवी सगळ्यांची एक असते, पण खिसा ज्याचा त्याचा. तो मी कधी तपासलाच नव्हता. आत एक पान होतं.

"ते ताईने ठेवलंय," मेहुणी मागून म्हणाली. तिच्या एव्हाना सगळं लक्षात आलं होतं. "मी म्हटलं, ह्यांना लढायला का नेत नाहीस? तर म्हणाली, त्यांचे गुडघे दुखतात, राहू दे तिथेच. पण खिशात एक पान ठेवलंय, म्हणे. असावं जवळ."

आता हवालदाराने मला सांगितलेलं होतं की, मेलेल्या माणसाला स्वतःचं पान स्वतःवर वापरता येत नाही. म्हणजे ते पान माझ्यासाठी नव्हतंच. मी कोणाला उठवायचं, हे तिने माझ्यावर सोडलं होतं.

मी पान निवडलं. समोर यादी आली. कोणाला उठवायचं? यादी लेव्हलप्रमाणे. सगळ्यात वर मांजर. चिमणी दुसरी. मी खाली जाणार, इतक्यात डॉक्टरांनी नाडी बघायला माझं मनगट पकडलं आणि अंगठा बटणावर दाबला गेला.

मांजर उठलं.

"नाडी जलद आहे," डॉक्टर म्हणाले.

मांजराने आळस दिल्यासारखं केलं, राक्षसाच्या अंगावर उडी मारली, दोन पंजे ओढले आणि राक्षस धाडकन कोसळला. बहुतेक तो मरायलाच आला होता. बाकीच्यांनी त्याचं कंबरडं आधीच मोडलं होतं. पडद्यावर रोषणाई झाली. मध्ये मी आणि बोका. बाजूला तिघी निजलेल्या.

एचआरच्या बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "छान झालं." मग डॉक्टरांना घेऊन त्या निघून गेल्या.

मी वायर गुंडाळायला घेतली. शब्द म्हणजे शब्द.

"थांबा," मेहुणी म्हणाली. "एकदा परत सुरू करा."

सुरू केलं. शेवट बघून झाला की हा खेळ तुम्हाला पुन्हा लढाईच्या आधी आणून सोडतो, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. नावांशेजारी फक्त एक तारा आला होता. आम्ही धर्मशाळेत होतो. चिमणी उभी होती, चांगली धडधाकट. अहो खाटेशेजारी. त्याच्या खिशात पान.

मेहुणीने ते सगळं नीट बघून घेतलं. मग तिने पर्स खांद्याला लावली.

"मशीन?" मी विचारलं.

"ताई म्हणाली होती, संपलं की द्या. हे कुठे संपलंय?"

"तारा आलाय की!"

"भाऊजी, तुम्हाला काही कळत नाही," ती अगदी तिच्या बहिणीसारखं म्हणाली आणि गेली.

रजेचे सात दिवस उरले होते. मी अहोला धर्मशाळेतून बाहेर काढला आणि गावाबाहेर बेडकांशी लढायला शिकवतोय. चिमणी बरोबर असते. गुडघ्यांचं बघू. पानाला मी हात लावलेला नाही. वर्षभर हललं नाही तरी ते बाद करायचं नाही, असं ठरवलंय. कपाटाचंही तेच.

अहो आता लेव्हल अकरावर आहे! हवालदार म्हणतो, प्रगती उत्तम आहे. मांजर अजून ओळख दाखवत नाही.