जाहिरातीतल्या नवऱ्याचे हात

सेक्रेटरी ‘हो’ म्हणाले आणि तिथेच सगळं बिघडलं. एरवी त्यांच्या तोंडून ‘हो’ निघणं कठीण. इमारतीत कुणी गच्ची मागितली, नाही. कुणी जिन्याखाली सायकल ठेवली, नाही. ह्या एका शब्दाच्या जोरावर लोक त्यांना दर वर्षी सेक्रेटरी करत आले होते, आणि विमा कंपनीत हेडक्लार्कच्या खुर्चीपर्यंतही ते ह्याच शब्दाने पोचले होते. पण बुद्धी फिरायची वेळ आली, की माणूस नेमका तिथे ‘हो’ म्हणतो जिथे आधी बायकोला विचारायला हवं.

त्या दिवसांत घरात एक प्रकरण धुमसत होतं. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती, त्यासाठी परीक्षा होती, आणि बायकोने स्वच्छ सांगून टाकलं होतं, “अहो, संध्याकाळचे दोन तास मला अभ्यासाला लागणार. स्वयंपाक मी करीन. भांडी तुम्ही घासायची.”

“बघू,” सेक्रेटरी म्हणाले. (इमारतीचा गळका पाइपही ते कित्येक वर्षं ‘बघत’ होते.)

पहिल्या दिवशी त्यांची कंबर धरली. दुसऱ्या दिवशी कमिटीची तातडीची मीटिंग निघाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की भांड्याच्या साबणाने त्यांच्या हातांना पुरळ येतं. “कधी आलं होतं?” बायकोने विचारलं. “येईल ना!” सेक्रेटरी म्हणाले. मग भांडी कोण घासणार? घासली बायकोनेच. पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून, ओल्या बोटाने पानं उलटत तिचा अभ्यास चालला होता, आणि परीक्षा काही तिच्यासाठी थांबणार नव्हती.

अशात एक जाहिरातवाला शूटिंगची परवानगी मागायला घरी आला. बोलता बोलता स्वयंपाकघरात डोकावला आणि सिंकवरची खिडकी बघून हरखलाच. “साहेब, काय उजेड आहे इथे! इथेच करू या ना. भांडी घासायच्या लिक्विडची जाहिरात आहे. पण जरा वेगळी. आमच्या जाहिरातीत नवरा भांडी घासतो.”

सेक्रेटरींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ह्या घरात नवऱ्याने भांडी घासावीत, एवढीच बायकोची मागणी ना? मग घासेल की एक नवरा! कोणाचा, हा तपशील झाला. शिवाय उद्या टीव्हीवर आपलंच स्वयंपाकघर दिसलं, की कोणाची हिंमत आहे आपल्याला आळशी म्हणायची? ते ‘हो’ म्हणाले, आणि बायकोला ही बातमी शूटिंगच्या आदल्या दिवशी कळली.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच वीस माणसं घरात घुसली. दिग्दर्शक तरुण होता, दाढी वाढवलेली, आणि दर दोन वाक्यांमागे त्याला समानता लागायची. “आजवर जाहिरातींनी बाईला ओट्याला बांधून ठेवलं. ऑफिसात पुरुष, गाडीत पुरुष, आणि डाग पडला की बाई! आपण हे चित्र बदलायचं. समानता दिसली पाहिजे. वहिनी, जरा चहा मिळेल का? वीस कप.”

वहिनींनी चहा केला. मग कलाविभागाची मुलगी सिंकमध्ये डोकावली आणि तिने नाक मुरडलं. “ही खरकटी भांडी हलवावी लागतील.”

“का?” बायकोने विचारलं. “भांडी घासायचीच जाहिरात आहे ना?”

“हो, पण खरं खरकटं कॅमेऱ्यात चांगलं दिसत नाही. तुम्ही एवढी घासून द्या, मग आम्ही ती नीट खरकटी करू.”

बायकोने एकदा नवऱ्याकडे बघितलं. (ती नजर वर्गात कॉपी करणाऱ्या पोरांसाठी राखीव होती.) मग ढीगभर भांडी घासली, पुसली, आणि त्या मुलीने त्यांना ब्रशने तपकिरी रंग आणि डिंक फासला. करपलेल्या दुधाचं पातेलं इतकं सुंदर दिसायला लागलं, की सेक्रेटरींच्या आई म्हणाल्या, “अगं, हे भिंतीवर लावा!”

हिरो आला. त्याने ओट्याशी उभं राहून, पाण्याला न शिवता, सहा तऱ्हांनी हसून दाखवलं आणि निघाला. त्याला हात भिजवता येणार नव्हते. संध्याकाळी एका मालिकेत तो इन्स्पेक्टर होता आणि त्याच्या हातावर गोळीची रंगवलेली जखम होती.

“हरकत नाही,” दिग्दर्शक म्हणाला. “हातांचे क्लोजअप दुसऱ्या कोणाचेही चालतील. ह्या घरात भांडी कोण घासतं?”

“मी!” सेक्रेटरी म्हणाले.

आईंना ठसका लागला.

सेक्रेटरींना हिरोचा शर्ट चढवला, मनगटात जाडजूड घड्याळ बांधलं, हातात पातेलं दिलं. “ॲक्शन!” सेक्रेटरींनी ते पातेलं असं धरलं, जसं शेजारणीचं ओलं पोर कोणी मांडीवर दिलंय. घासणी त्यांनी दोन बोटांत उचलली. एक ताट निसटलं ते थेट कॅमेरामनच्या पायावर. दुसऱ्यांदा घड्याळच पातेल्यात अडकलं. तिसऱ्यांदा फेस त्यांच्या डोळ्यात गेला आणि ते “आई गं!” म्हणून ओरडले, तेव्हा आई बाहेरूनच म्हणाल्या, “मला कशाला हाका मारतोस? सांगितलंय कोणी नसते उद्योग करायला?”

“साहेब,” दिग्दर्शक हताश होऊन म्हणाला, “हात फार सुंदर आहेत तुमचे. पण त्यांची आणि भांड्यांची ओळख नाही.”

एव्हाना दुपार टळली होती. बायकोला पुढचं प्रकरण वाचायचं होतं आणि स्वयंपाकघर काही मोकळं होत नव्हतं. तिचा संयम संपला. “सरका बघू!” म्हणत ती आत आली, नवऱ्याच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं, आणि चार हातांत लखलखीत करून पालथं घातलं.

“कट!” दिग्दर्शक किंचाळला. “हेच! हेच ते हात!”

मग काय विचारता. बायकोची अंगठी काढली, तिला हिरोचा शर्ट घातला, घड्याळ चढवलं, आणि मेकअपवाल्याने मिशांसाठी आणलेले केस मनगटावर एकेक करून चिकटवले. मुख्याध्यापिका व्हायला निघालेली बाई संध्याकाळपर्यंत नवऱ्याचे हात होऊन भांडी घासत राहिली, आणि मागे दिग्दर्शक समानतेवर बोलत राहिला. त्या दिवशी पुस्तक उघडलंच गेलं नाही.

जाहिरात झळकली. हिरो हसतो, मग फेसातले दणकट केसाळ हात, मग चकचकीत पातेलं, मग भारदस्त आवाज: “घर दोघांचं, भांडीही दोघांची!” आणि सेक्रेटरींनी आधीच इमारतभर, ऑफिसभर आणि झाडून सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, की हात आपले आहेत.

त्यांची छाती फुगली. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई तर जिन्यात थांबून म्हणाल्या, “सेक्रेटरी, तुमच्याकडे बघून आमच्या ह्यांना लाज वाटायला हवी!” डॉक्टरीणबाईंचे ‘हे’ मागे पिशव्या घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, खून करायची इच्छा तेवढी दिसत होती.

इकडे बायको शाळेत एकदा वैतागून म्हणाली, “अभ्यासाला वेळच मिळत नाही गं, घरचं सगळं माझ्याच गळ्यात.” तर अख्खी स्टाफरूम तिच्यावर तुटून पडली. “तुझं काय बाई! तुझा नवरा टीव्हीवर भांडी घासतो!” तिने माहेरी फोन केला, तर सख्खी आई म्हणाली, “असा नवरा मिळायला भाग्य लागतं. नशिबाला नावं ठेवू नये.”

त्या संध्याकाळी ती ओट्याशी आली आणि नुसती उभी राहिली. नळ सोडला नाही की घासणी उचलली नाही.

“काय झालं?” सेक्रेटरींनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. “माझे हात घेतलेत, घ्या. आता मला तक्रार करायचीही सोय ठेवली नाहीत तुम्ही. कोणाला सांगू? टीव्हीपेक्षा माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

सेक्रेटरींना लागलं ते. खरंच लागलं. माणूस आळशी होता, पण दगड नव्हता. त्यांनी बाह्या सरसावल्या. “जा तू. बस अभ्यासाला. आजपासून भांडी माझी.” आणि नळ सोडला.

तेवढ्यात फोन वाजला.

“सेक्रेटरीसाहेब? मी दिग्दर्शक. अहो, तुमचे हात माझ्या डोक्यातून जात नाहीत. मोठ्या कंपनीची जाहिरात आहे. तुमचेच हात हवेत. फक्त एक अट. शूटिंग होईपर्यंत हात पाण्यात घालायचे नाहीत. घासणी, साबण, काहीही नाही. करारातच लिहितोय.”

सेक्रेटरींनी नळ बंद केला. (इतक्या चपळाईने त्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट केली नव्हती.)

“नाइलाज आहे गं,” ते चेहरा शक्य तितका पाडून म्हणाले. “कायदेशीर बाब आहे. मोठी कंपनी. पेन असेल, गाडी असेल. चेकवर सही करणारा हात असेल. मी तर आत्ता घासणार होतो, तू बघितलंस ना?”

“बघितलं,” बायको म्हणाली. तिचे डोळे आता कोरडे होते. तिने सिंकमधून स्वतःचं ताट, स्वतःची वाटी आणि स्वतःचा चमचा काढला, तेवढंच धुतलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. स्वयंपाक व्हायचा, पण ती आपलं आणि सासूबाईंचं ताट धुऊन अभ्यासाला बसायची. “आई, एवढं उरलेलं...” सेक्रेटरींनी चाचरत म्हटलं. “माझी हाडं म्हातारी झाली रे,” आई म्हणाल्या, “आणि तुझा करार मोठा आहे.” सिंक भरलं, ओटा भरला, भांडी बाल्कनीत गेली. सेक्रेटरी आधी झाकणात जेवले, मग बशीत, आणि शेवटी दाढीच्या मगात चहा प्यायले. ऑफिसात ते हातमोजे घालून बसत. साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, “हात जपतोय.” साहेबांनी त्यांच्या टेबलावरची फाइल उचलून शेजारच्याला दिली. आतल्या खोलीतून मात्र रोज संध्याकाळी पानं उलटल्याचा आवाज येई, कोरड्या बोटांनी.

शूटिंगला सेक्रेटरी सूट घालून गेले. तिथे एका मुलीने सूट उतरवला, मनगटापासून कोपरापर्यंतचे केस एका झटक्यात ओढून काढले (तेव्हाही ते “आई गं!” म्हणालेच), नखांना गुलाबी रंग लावला आणि बोटात नाजूक अंगठी चढवली.

“हे काय?” सेक्रेटरी गारठले. “गाडी कुठाय? पेन कुठाय?”

“हँडक्रीमची जाहिरात आहे,” दिग्दर्शक प्रेमाने म्हणाला. “गृहिणीचे हात. दिवसभर राबूनही फुलासारखे. अहो, शंभर बायका बघितल्या, कोणाचे हात असे मिळेनात! सगळ्याजणी काम करतात हो.”

“पण... मी पुरुष आहे!”

“मनगटाच्या वर कॅमेरा जाणार नाही. कळणार कोणाला?”

करारावर सही झालेली होती. सेक्रेटरींनी एका गोंडस बाळाच्या गालावरून हात फिरवला, एका परक्या माणसाच्या शर्टाची गुंडी लावली, आणि घरी येऊन कोणाशी अक्षर बोलले नाहीत. रंग नीट निघाला नाही म्हणून पुढचे काही दिवस हात खिशात घालून फिरले.

जाहिरात लागली ती परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी. बायको शेवटची उजळणी करत सोफ्यावर बसली होती. करार संपला होता, सबबी संपल्या होत्या, आणि घरातला शेवटचा मगही संपला होता. म्हणून सेक्रेटरी बाल्कनीतल्या ढिगाऱ्यापुढे बसून एक पातेलं खरवडत होते. टीव्हीसमोर आई होत्या. पडद्यावर गुलाबी नखांचे मऊ हात बाळाच्या गालावरून फिरले आणि एक लाडिक आवाज म्हणाला, “दिवसभर घरासाठी राबणारे तिचे हात!”

“राबणारे?” आई उसळल्या. “अगं, बघ जरा! एक भेग नाही, एक चट्टा नाही. ही बया जन्मात भांड्याला शिवलेली नाही. लिहून घे माझ्याकडून. नुसतं आयतं खायचं आणि बसायचं! कोणाच्या पदरात पडली असेल ही ऐदी, देव जाणे!”

“माझ्या,” बायको म्हणाली, आणि तिने पान उलटलं.