शकांच्या आकाशातला आवाज

काराकोल शहरात गुप्तहेर म्हणून माझं नाव सगळ्यांना माहीत आहे. गुप्तहेराचं नाव सगळ्यांना माहीत असणं फारसं बरं नव्हे, हे मला उशिरा सुचलं. तोवर मी स्वतःच सगळ्यांना सांगून बसलो होतो. माझी नजर ससाण्याची, कान कोल्ह्याचे आणि चाल हिमबिबट्याची. आई म्हणते, एवढी जनावरं एका अंगात शिरली की घरात भांडी पडणारच. पोटासाठी मी पाण्याचे मीटर तपासत हिंडतो. माझी गाजलेली केस म्हणजे शेजाऱ्याची हरवलेली मेंढी. तीन घरांवर संशय घेऊन, दोन घरांशी कायमचं वैर धरून, ती मी शेजाऱ्याच्याच मेंढवाड्यात शोधून काढली. म्हणजे आधी ती ओरडली, मग मी शोधली.

असा हा मी, कुबात. आता केस सांगतो.

परदेशात कुणीतरी बनवलेला प्राचीन युद्धांचा एक कॉम्प्युटर गेम आहे. त्यात रोमन आहेत, इराणी आहेत, हत्ती आहेत. आणि आमच्या या मुलखातले शक म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात चार घोडे आणि एक टोकदार टोपी. हे बघून माझा मित्र रिस्बेक पेटला. गेम आतून पार उसवायचा आणि शकांचं राज्य नव्याने शिवायचं, असं त्याने ठरवलं. अशा हौशी दुरुस्तीला खेळणारे लोक मॉड म्हणतात. रिस्बेकचे वडील तिला रिकामटेकडेपणा म्हणतात.

रिस्बेकचा धंदा कवळ्या बनवण्याचा. त्यामुळे आमच्या मॉडमधल्या घोड्यांसारखे दात जगातल्या दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये नाहीत. आवाजाचं खातं नूरजातकडे. ती लग्नाच्या हॉलमध्ये साउंड सांभाळते. रडणारी नवरी आणि गाणारे मामा यांच्यातून वाट काढायची तिला सवय आहे. आणि मी टेस्टर. म्हणजे खेळून चुका शोधायच्या. शिवाय शकांच्या युद्धगर्जनाही माझ्याच, कारण बाकी दोघांना ओरडायची लाज वाटत होती.

वसंतात, नूरूजच्या म्हणजे नव्या वर्षाच्या दिवशी, संस्कृती भवनाच्या मोठ्या पडद्यावर मॉड दाखवायचं ठरलं. रिस्बेकने वडिलांनाही बोलावलं. म्हातारा जन्मभर खऱ्या घोड्यांमागे फिरलेला. "येतो," म्हणाला, "कुठल्या घोड्यांपायी तुझं लग्न राहिलंय ते तरी बघतो." त्या दिवसापासून रिस्बेक रात्र रात्र घोड्यांचे दात कोरत बसला.

आणि नेमकी तेव्हाच नेटवर टाकलेलं आमचं कच्चं मॉड खेळणाऱ्या पोलंडमधल्या एका खेळाडूची तक्रार आली : "तुमचे शक हल्ल्याला निघाले की आकाश बोलतं."

आम्ही लावून बघितलं. शकांचं घोडदळ उधळलं, गर्जना झाली, आणि तिच्या मागून डोंगराच्या पोटातून यावा तसा एक घोगरा, लांबलचक आवाज आला.

"ऊऽऽबाऽऽ… दूऽऽऊऽऽ… ऊतूऽऽगेऽऽ…"

रिस्बेक पांढरा पडला. "हे काय आहे?"

"केस आहे," मी म्हणालो, आणि टोपी जरा तिरपी केली.

नूरजात म्हणाली, "अरे, मूळ फाइल उघडून ऐकू या ना. दोन मिनिटांचं काम आहे."

मी तिच्याकडे रोखून पाहिलं. पुराव्याला हात लावायची घाई कुणाला असते?

"फाइलला कुणी हात लावायचा नाही," मी म्हणालो. "ठसे पुसले जातील."

"फाइलवर कसले ठसे?"

"ते मी उघड करू शकत नाही." करू शकत नव्हतोच, मला माहीत नव्हतं.

पहिला संशय ताश्कंदच्या पोरांवर. त्यांचंही मॉड येत होतं, सोग्दियन व्यापाऱ्यांचं. मी खोट्या नावाने त्यांना पत्र पाठवलं : 'आकाशातून बोलण्याचा काय दर घेता?' त्यांचं अत्यंत नम्र उत्तर आलं, की कुबातभाई, तुमची तब्येत बरी आहे ना. नाव खोटं होतं, पण खाली सही मी सवयीने खरी केली होती.

मग मी भाषेच्या वाटेने गेलो. इतिहासाचे निवृत्त मास्तर केरिमबेक यांना आवाज ऐकवला. त्यांनी डोळे मिटले, तळलेले बोर्सोक चावत चावत बराच वेळ ऐकलं आणि ताडकन उठून उभे राहिले.

"पोरा, उबादा म्हणजे वचन! आणि तू म्हणजे ध्वज! तूगे, ध्वजाला! 'ध्वजाला दिलेलं वचन'. ही शपथ आहे."

"पण सर, उबादा नाही, उबादू ऐकू येतंय. आणि मधला तो ऊ?"

"प्राचीन रूप आहे," मास्तर म्हणाले. अडचण आली की प्रत्येक शब्दाचं एक प्राचीन रूप निघतं, हे शास्त्र मला त्या दिवशी कळलं.

आता सगळं लख्ख झालं. शपथ म्हणजे गुप्त संघटना. ध्वज म्हणजे शत्रूचा ध्वज. आणि आमच्यात शत्रूच्या बाजूने कोण खेळतं? नूरजात! ती नेहमी इराणी सैन्य घ्यायची. आवाजाचं खातं तिचं. फाइल उघडायची घाई तिला. मी दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांना आमच्या घरी चहाला बोलावलं, खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो आणि सावकाश वळत म्हणालो, "गुन्हेगार याच खोलीत आहे."

पुढे हे वाक्य शब्दशः खरं ठरलं, ही गोष्ट वेगळी.

नूरजातने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"दोन हिवाळे मी तुमच्यासाठी टापांचे आवाज गोळा करतेय," ती म्हणाली. "बर्फातल्या वेगळ्या, चिखलातल्या वेगळ्या. आणि मी शपथ घेऊन शत्रूला मिळाले? का, तर मला इराण्यांचे झगे आवडतात म्हणून?"

"झगे!" मी रिस्बेकला म्हणालो. "कबुलीजबाब लिहून घे."

तिने कोट उचलला आणि चहाला हात न लावता निघून गेली. आमच्याकडे कुणी चहा सोडून उठत नाही. रिस्बेक दाराकडे बघत राहिला.

"भवनातले स्पीकर तिच्याशिवाय कुणाला लावता येत नाहीत," तो हळूच म्हणाला. "वडील येणार आहेत रे."

त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी तो हल्ला पुन्हा लावला.

"ऊऽऽबाऽऽ… दूऽऽऊऽऽ… ऊतूऽऽगेऽऽ…"

आई कप उचलायला आत आली होती. ती थबकली.

"मेल्या, त्या दिवसाचं अजून ऐकवत बसलायस होय?"

"कुठल्या दिवसाचं?"

"दूध उतू गेलं त्या दिवसाचं! तू इथे आ-आ करून बोंबलत होतास, मी तिकडून ओरडतेय, कुबात, दूध उतू गेलं, कुबात, दूध उतू गेलं! हलला नाहीस. शेगडी मी घासली." मग तिने कान दिला. "पण आवाज असा का येतोय माझा? म्हशीसारखा?"

रिस्बेकने माझी परवानगी न विचारता मूळ फाइल उघडली. आधी मी गरजलो. आणि माझ्या मागे, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज स्वच्छ ऐकू आला. दूध उतू गेलं होतं. एका माणसाची गर्जना राक्षसासारखी दांडगी वाटावी म्हणून नूरजातने ती संथ करून हजार शकांच्या तोंडी दिली होती. त्यांच्याबरोबर आईही हजार झाली होती.

"तुला स्वतःचं नाव ओळखू आलं नाही?" रिस्बेकने विचारलं.

"ते प्राचीन रूपात होतं," मी म्हणालो.

संध्याकाळी मी लग्नाच्या हॉलवर गेलो. नूरजात वायरी गुंडाळत होती. मी टोपी काढली. गुप्तहेर टोपी काढतो तेव्हा खाली नुसतं टक्कल उरतं.

"आई होती ती," मी म्हणालो. "दूध उतू गेलं होतं."

वायर गुंडाळून झाली, तरी नूरजात ती उलगडून परत गुंडाळायला लागली.

"राग संशयाचा नाही रे," ती शेवटी म्हणाली. "तू सगळ्यांवरच घेतोस. पण रिस्बेक गप्प बसला आणि तू कबुलीजबाब लिहून घ्यायला सांगितलास. तुम्ही दोघंच माझे मित्र आहात."

"चुकलो," मी म्हणालो. तेवढंच, आणि पहिल्यांदाच एका शब्दात.

"रिस्बेकचे वडील येणार आहेत?"

"हो."

"मग येते. पण एक अट आहे. मरणाऱ्या सैनिकांचे आवाज अजून व्हायचेत. ते तू करायचेस. माझ्यासमोर. मी म्हणेन तितक्या वेळा."

मी मेलो. बाण लागून मेलो, घोड्यावरून पडून मेलो, हत्तीखाली मेलो. प्रत्येक वेळी नूरजात शांतपणे म्हणायची, "नीट नाही झालं, परत मर." चौथ्या दिवशी ती हसली आणि माझी सुटका झाली.

नूरूजला भवन गच्च भरलं होतं. शक दौडले, टापांनी खुर्च्या थरथरल्या. रिस्बेकचे वडील पुढच्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. संपल्यावर रिस्बेक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, शाळेत उभा राहायचा तसा.

"घोडे बरे आहेत," म्हातारा म्हणाला. "दात तर फारच छान."

रिस्बेकच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्याने ते टोपीने पुसलं.

"आणि ती मेलेली माणसं," म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुठून आणलीस रे? काय मनापासून मेलीत!"

दोन्ही बाजूंचे सगळे मृत माझ्या एकट्याच्या खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी अदबीने मान झुकवली.