मधोमध गुंड्या

रविवारी संध्याकाळी पाचच्या आत गोधडी तुझ्या हातात, असं तिने नणंदेला फोनवर ठणकावून सांगितलं आणि वर नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं. चारचौघांत शब्द दिला की हात आपोआप चालतो, हा तिचा नवा सिद्धांत होता. जुने सिद्धांत पलंगाखालच्या ट्रंकेत होते: अर्धवट गोधड्या सहा आणि उशीचा एक अभ्रा, तोही अर्धाच. नणंदेला आठवा महिना लागला होता आणि गोधडी तिच्या बाळासाठी होती. सासूबाई नुसत्या हसल्या. पण ते हसू सुईपेक्षा खोल गेलं.

दीड वर्षांचा गुंड्या झोपला की शिवायचं, इतकी साधी योजना! पण गुंड्या झोपायचा तो त्याच गोधडीवर, आणि बरोबर मधोमध. उचलून बाजूला ठेवला की डोळे टक्क उघडे. म्हणजे पोर जागं तर शिवण बंद, पोर झोपलेलं तर गोधडी अडलेली. मग ती कडेकडेने धावदोरा घालत आत सरकू लागली. शुक्रवारपर्यंत सगळी गोधडी भरली, राहिला तो गुंड्याएवढा तुकडा. नवरा म्हणाला, समुद्रात बेट असतं ना, तसं दिसतंय. त्याला तिने सुया ओवायला बसवलं.

रविवारी चार वाजता बेट पालथं झोपलं होतं. श्वास रोखून तिने काखेखालून, गुडघ्याच्या बेचक्यातून सुई फिरवली. पावणेपाचला शेवटची गाठ मारून दोरा दाताने तोडला, तोच नणंद दारात.

सासूबाईंनी कौतुकाने नातवाला उचललं. नातवाबरोबर गोधडीही उठली.

गोधडीचे तुकडे सासूबाईंच्या फुलाफुलांच्या जुन्या साडीचे, आणि सासूबाईंनी हौसेने शिवलेलं गुंड्याचं झबलंही त्याच साडीचं. झबल्याचा घेर तुकडा समजून तिने चार ओळींत पक्का टाचला होता! गुंड्या जागा झाला, हातातून निसटला आणि औताला जुंपलेल्या खोंडासारखा गोधडी ओढत, वाटेतला दोऱ्यांचा डबा आणि आत्याची पर्स घेऊन स्वयंपाकघराकडे निघाला.

उसवावं तर गोधडी पुन्हा अर्धवट. कापावं तर सासूबाईंच्या हातचं झबलं. तिचा चेहरा रडवेला झाला.

"आण ती कात्री," सासूबाई म्हणाल्या. "झबली काय, छप्पन्न शिवीन. तुझी गोधडी पुरी झालेली आज पहिल्यांदा बघतेय."

झबलं गोधडीत राहिलं, बाह्यांसकट. गुंड्या उघडाबंब मोकळा सुटला. नणंद हसून हसून पोट धरून खाली बसली आणि गोधडीची घडी घालू लागली, तर गुंड्या दुडुदुडु परत आला, मधोमध आडवा झाला आणि मिनिटभरात गाढ झोपला.

नणंदेने घडी सोडून दिली. "वहिनी, ही ज्याची त्यालाच राहू दे. माझ्या बाळाला दुसरी कर. घाई नाही गं, ते शाळेत जायच्या आत दिलीस तरी चालेल."

गुंड्याच्या उघड्या पाठीवर तिने आपली ओढणी टाकली. घड्याळात पाच वाजले. गोधडी वेळेत पुरी झाली होती. फक्त द्यायला उरली नव्हती.